बेळगावच्या टिळकवाडीतलं थेरपी केंद्र: देणगी मी इथंच का देतो

माझा भाचा ऑटिस्टिक आहे. आमचं घर वडगावात, खाली माग, वर आम्ही. मागाचा खडखडाट सुरू झाला की पोरगं कान दाबून कोपऱ्यात बसायचं. आधी थेरपीला जिथं न्यायचो तिथं आम्हाला सांगितलं, ‘घरी फक्त इंग्रजीच बोला.’ बहिणीला इंग्रजी येत नाही, मग तिनं पोराशी बोलायचंच नाही की काय?

इथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, जी भाषा तोंडात आहे तीच बोला. कन्नड घरातल्या पोरांशी त्या कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. आईला बाहेर बाकावर बसवत नाहीत, आत शेजारी बसवून शिकवतात. चित्रांची कार्डं आहेत: पाणी, शू, झोका, बास. भाच्यानं ‘बास’ पुढं केलं की ताई हातातलं काम खरंच थांबवतात, अर्धं राहिलं तरी. मला हे फार मोलाचं वाटतं. त्याचं म्हणणं कुणीतरी ऐकतंय, हे त्याला तिथं कळलं. आता घरी माग सुरू व्हायच्या आधी तो स्वतःच आवाज अडवणारे कानावरचे मफ मागतो.

पैशाचं म्हणाल तर, सरकारचा ‘निरामय’ आरोग्य विमा वर्षाला एक लाखापर्यंत आहे, पण तो १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यातल्या ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर ताबा नसणं) अशा अपंगत्वांसाठीच. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचता-लिहिताना येणारी अडचण, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आली, तरी या विम्यात नाही. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा याचं, तर त्या २१ मध्ये नावच नाही. थेरपी एकदा करून संपत नाही, आठवड्यामागून आठवडे चालते. खानापूरकडच्या बाया रोजगार बुडवून, बसनं पोराला घेऊन येतात. त्यांना फी कुठून परवडणार? केंद्र त्यांच्याकडून जमेल तेवढीच घेतं आणि बाकीची देणगीतून भागवतं. म्हणून मी देतो.

खटकतं तेही सांगतो. जिना उभा आहे, व्हीलचेअरवरच्या मुलाला उचलूनच न्यावं लागतं. शनिवारी बाहेरच्या खोलीत इतका गलका असतो की आत जायच्या आधीच पोरं बिथरतात, त्यामुळं जमलं तर मधल्या वारी जा. पावतीसाठी पाठपुरावा करावा लागतो.

द्यायचं मनात असेल तर आधी विचारून एक सकाळ तिथं बसून बघा. एका मुलाची वर्षाची फी किती ते सांगतात, महिन्याच्या हप्त्यानं दिली तरी घेतात.