पोलंडचं क्रिनित्सा: इमारती मनसोक्त पाहा, पाणी जपून प्या

दक्षिण पोलंडमधलं क्रिनित्सा-झ्द्रुई हे औषधी झऱ्यांवर वाढलेलं गाव. आपल्या महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीसमोर मान वर करून थबकणाऱ्या सोलापूरकरानं इथं निदान दोन मुक्काम करावेत.

सुरुवात बुल्वारी दित्ला रस्त्यानं करा. ओढ्याकाठी कोरीव सज्जांचे लाकडी बंगले आहेत, स्विस धाटणीचे. त्यातल्या रोमानुव्कात चित्रकार निकिफोरचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. पुढं देप्ताक, म्हणजे वाहनं नसलेला फिरण्याचा रस्ता लागतो. तिथं १८८९ची जुनी आरोग्यवास्तू दिमाखात उभी आहे आणि जवळच झऱ्यांचं पाणी प्यायला १९७१ची काचेची पाणपोई. ही जोडी अनेकांना खटकते. पण पाणपोईच्या आत शिरलं की उष्ण प्रदेशातली हिरवी झाडं दिसतात, आणि हिवाळ्यात त्या काचेची किंमत कळते. गायक यान किएपुराची १९३०च्या दशकातली ‘पात्रिया’ ही इमारत थोडी बाजूला आहे. वास्तुकार बोहदान प्न्येव्स्की. तिच्या सरळ, गोलसर रेषा बघायला मुद्दाम वाट वाकडी करा. गुडघे दुखत असतील तर ७४१ मीटरच्या गुरा पार्कोवा डोंगरावर १९३७पासून चालणारी दोरखंडाची रेल्वे नेते.

आता पाणी. ‘झुबेर’ नावाचं झऱ्याचं पाणी फार तीव्र आहे: लिटरला २० ग्रॅमहून जास्त क्षार, त्यात सोडियम भरपूर, वर सडक्या अंड्यासारखा वास. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटही नको. चव बघायची असेल तर सौम्य ‘क्रिनिचांका’ घ्या. लोहयुक्त पाण्यानं दात काळवंडतात, म्हणून चोचीचा कप किंवा नळी वापरा.

शाकाहारींनी ‘पिएरोगी रुस्किए’ हे करंजीसारखे उकडलेले पदार्थ मागवावेत, आत बटाटा आणि ताजं चीज असतं. मात्र वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात; मागवतानाच ‘बेझ स्क्वारेक’ (ते तुकडे नकोत) म्हणा. बीटाच्या सूपमध्येही मांसाचा रस असू शकतो. सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्या. पेढे, तूप नको, युरोपीय संघात बाहेरचे दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत.

क्राकुफच्या मुख्य रेल्वे स्थानकाला लागूनच बसस्थानक आहे. तिथून थेट बस साधारण तीन तासांत पोचवते. रेल्वे तार्नुफवरून वळसा घेते, वेळ जास्त लागतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुंबईत व्हिसा अर्जासाठी सकाळची वेळ मिळाली तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची.