‘एक्झिट’ दाबण्याचे ३२९ डॉलर ९८ सेंट

आधीच सांगतो, मी काही काल कॉम्प्युटरला हात लावलेला माणूस नाही. विंडोज स्वतः टाकतो, राउटरची सेटिंग्ज स्वतः करतो. तरी एका माणसाने माझ्याच मशीनवरचा एक प्रोग्राम बंद करण्याचे माझ्याकडून आधी २४९.९९ आणि मग ‘फायरवॉलच्या परवान्याचे’ ७९.९९ डॉलर काढले.

चार दिवस वेबसाइट धड उघडत नव्हत्या. पान अर्ध्यात अडकायचं, कधी ‘सर्व्हर सापडला नाही’, रिफ्रेश केलं की उघडायचं. पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर यायला लागणारा वेळ, २२ मिलिसेकंदांवरून १,३००च्या घरात. इंटरनेट कंपनीला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा उत्तर एकच: लाइन ओके आहे, राउटर बंद करून चालू करा. केला की दहा मिनिटं सुरळीत, पुन्हा तेच. राउटरची कनेक्शनची यादी रिकामी होत होती आणि परत तुडुंब भरत होती. ते कोण भरतंय हे तिथल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

भरत होतं टोरेंट, म्हणजे लोकांच्या मशीनवरून फाइलींचे तुकडे थेट उतरवणारा प्रोग्राम. फुली दाबली की प्रोग्राम बंद झाला अशी माझी समजूत. तो घड्याळाशेजारी चिन्ह होऊन बसतो आणि उतरवलेल्या फाइली जगाला वाटत राहतो. अपलोडला मर्यादा घातली नसेल तर असेल नसेल तो सगळा अपलोड गिळतो. पान उघडायलाही अपलोड लागतोच. आलेल्या डेटाची पोच परत पाठवावी लागते. पोच रांगेत तुंबली की डाउनलोडही तुंबतं. हे आज मी छातीठोकपणे सांगतोय. तेव्हा मात्र ‘ब्राउझर स्लो मदत’ असं शोधून सगळ्यात वरचा नंबर फिरवला. ती जाहिरात होती. वरचा नंबर कधीही फिरवू नका.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गोड आवाज, स्क्रीन बघायचं सॉफ्टवेअर, काळी खिडकी. त्याने तिथे नेटस्टॅट, म्हणजे मशीनच्या चालू कनेक्शनची यादी दाखवणारी आज्ञा, चालवली आणि ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’च्या रकान्यावर माउस फिरवत म्हणाला, “सर, हे बघा, १८७ परदेशी लोक आत्ता तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत.” फॉरेन म्हणजे परदेश नव्हे हो, कनेक्शनचं पलीकडचं टोक. साधी बातमी वाचायला बसलात तरी तिथे ओळी दिसतात. माझ्याकडच्या ओळी टोरेंटवाल्यांच्या होत्या. डावीकडे स्थानिक पत्त्यापुढे ६८८१ हा आकडा पुन्हा पुन्हा दिसत होता, बिटटोरेंटचा जुना ठरलेला पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या त्याच्या दरवाजाचा क्रमांक. तो मला माहीत होता! पण त्याच क्षणी तो म्हणाला, “तुमच्या कनेक्शनवरून बेकायदा डाउनलोडची नोंद झालीय.” मी गप्प. मी लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, उतरवत होतो. बरं, दोन सिनेमेही होते. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि माझी वाचा गेली.

आणि मग तो क्षण. रोज रात्री आठवतो. पैसे द्यायच्या आधी त्याने ‘नमुना म्हणून’ घड्याळाशेजारच्या चिन्हावर उजवी क्लिक केली, एक्झिट दाबलं आणि ब्राउझरमध्ये पान उघडून दाखवलं. झटकन उघडलं. माझ्या डोळ्यांदेखत! उपाय समोर घडला आणि मी तिकडे न बघता कार्ड शोधायला उठलो.

त्याच्या ‘सफाई’नंतर दुसऱ्या दिवशी एकही पान उघडेना, पिंग मात्र चालू. त्याने टाकलेला क्लीनर मी काढला, पण त्याने प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरचा मधला थांबा, १२७.०.०.१ करून ठेवली होती. तो पत्ता म्हणजे माझंच मशीन, आणि क्लीनर गेल्यावर तिथे उत्तर द्यायला कोणी उरलं नव्हतं. पिंगला प्रॉक्सी लागत नाही, ब्राउझरला लागते. असं झालं तर आधी सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीपुढची टिक काढा. ते स्क्रीनवालं सॉफ्टवेअरही काढा, पासवर्ड बदला, आणि बदला ते दुसऱ्या मशीनवरून.

आता बँक. म्हणे व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात, म्हणजे ही फसवणूक नाही, ‘सेवेबाबतचा वाद’ आहे. विक्रेत्याशी संपर्क साधा. कोणत्या विक्रेत्याशी? ज्याचा नंबर आता लागत नाही त्याच्याशी? सायबर पोलिसांकडे पहिल्या दिवशी अर्ज, दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट, तिसऱ्या दिवशी तेच स्क्रीनशॉट छापून. टेबलामागच्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही डाउनलोड काय करत होतात?” बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चोराचा फोन नंबर, व्यवहाराचा क्रमांक, वेळ मिनिटासकट दिलीय; त्याबद्दल एक प्रश्न नाही. इंटरनेट कंपनीला चौथा फोन केला तर म्हणाले, आता स्पीड चांगला येतोय ना, मग तक्रार बंद करतो.

टोरेंट वापरत असाल तर अपलोड क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांखालीच बांधा, कनेक्शनच्या संख्येलाही मर्यादा घाला. कोणी नेटस्टॅट दाखवून घाबरवलं तर ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवून शेवटच्या रकान्यातला आकडा टास्क मॅनेजरमध्ये जुळवा. प्रोग्रामचं नाव सापडतं. मी हे केलं अकराव्या दिवशी.

त्याच दिवशी फोन आला. तोच गोड आवाज, नंबर वेगळा. “सर, तुमचा ३२९.९८चा रिफंड मंजूर झालाय, फक्त स्क्रीन उघडा आणि बँकेत लॉगिन करा.” फोन मी आपटला. पण त्याआधी माझा हात माउसकडे गेला होता, हे घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.