गाडीत आधी दारातले स्पीकर का सीटखालचा सबवूफर?

बजेट कमी असलं की दोन्ही एकदम होत नाही भाऊ. सीटखालचा ॲक्टिव्ह सबवूफर (बास म्हणजे खालचा जड आवाज वाजवणारा, ॲम्प्लिफायर आतच असलेला स्पीकर) लावला की अहिराणी गाण्यातल्या ढोलाला दम येतो, जळगाव-धुळे हायवेवर टायरच्या आवाजात दबलेला बासही भरून निघतो, पण बॅटरीपासून फ्यूज टाकून वेगळी वायर ओढावी लागते आणि गाणाऱ्याचा आवाज होता तसाच दबका. मी तर म्हणेन आधी पुढच्या दारांचे स्पीकर बदला, डब्यावरचे मॅक्स वॅट पाहू नका, आरएमएस (स्पीकरला सतत झेपणारी पॉवर) आणि सेन्सिटिव्हिटी (ठराविक पॉवरला तो किती मोठा वाजतो) बघा, कारण सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबल जास्त असली की तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर लागते, मग कंपनीचा स्टिरिओही पुरतो. दारात डॅम्पिंग शीट मात्र लावाच, पत्रा थरथरला की नवा स्पीकरही फुकट जातो. मागचे राहू द्या सध्या.