लढाईवर गेलेल्या पणजोबांचा माग: वॉर ग्रेव्हज कमिशनचा शोध कितपत कामाचा?

ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत. शोध फुकट आहे. ‘पणजोबा बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेले ते आलेच नाहीत’ एवढीच माहिती घरात असेल, तर सुरुवात इथूनच करावी.

आधी एक गाळणी लावा: परत आलेल्यांची नोंद इथे नसते. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले नामदेव जाधव १९८४पर्यंत जगले, म्हणून ते इथे सापडणार नाहीत. १० जुलै १९४४ला वयाच्या २२व्या वर्षी पडलेले माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे सापडतात. त्यांची कबर माहीत नाही, म्हणून नाव इटलीतल्या कॅसिनो मेमोरियलवर आहे. स्वीकारल्या जाणाऱ्या मृत्यूच्या तारखाही ठरलेल्या आहेत: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७.

खरी अडचण स्पेलिंगची. पलटणीच्या रकान्यात ‘मराठा’ हे एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असंच टाका. आजचं स्पेलिंग टाकलं की हाती भोपळा. माणसाच्या नावाचं तर विचारूच नका. साहेबाच्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, कधी आडनावाच्या जागी नाव टाकलं. म्हणून पूर्ण नाव टाकण्याऐवजी पलटण, युद्ध आणि देश एवढंच निवडा, यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि ‘अतिरिक्त माहिती’चा रकाना वाचा. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असलाच तर तिथे असतो. गावाचं स्पेलिंगही तीन-चार तऱ्हांनी शोधा.

पलटणीचा नंबर युद्धानुसार बदलतो. घरात ‘जंगी पलटण’ म्हणत असतील तर पहिल्या महायुद्धासाठी १०३ शोधा, ‘काळी पाचवी’ म्हणत असतील तर १०५. १९२२च्या फेररचनेत १०३ची १/५ (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन) झाली, १०५ची २/५, ११०ची ३/५. इराकमधल्या कुतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, २९ एप्रिल १९१६ला त्यांच्या फौजेची शरणागती झाली. त्यामुळे त्यापुढच्या तारखेचा मृत्यू दिसला तर तो कैदेतला असू शकतो.

बसरा मेमोरियलवर ४०,०००हून जास्त जणांची नोंद आहे, पण तिथल्या दगडावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांची नुसती संख्या. म्हणजे स्मारकाच्या फोटोत शिपायाचं नाव शोधणं व्यर्थ, डेटाबेसच बघा. आपल्या गावोगावच्या ‘या गावातून इतके लढाईवर गेले, इतके मेले’ छापाच्या शिळाही तशाच मुक्या. उपयोग एवढाच, की तो आकडा यादीशी ताडून पाहता येतो.

कोकणातला माणूस जहाजावर खलाशी असेल तर भूदलात शोधू नका. पहिल्या युद्धातल्या खलाशांसाठी मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममधलं स्मारक निवडा.

इथे न मिळणारी गोष्ट म्हणजे प्रवास: कधी बोटीत बसला, कुठे उतरला, कोणत्या नदीकाठी लढला. त्यासाठी लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या पलटणींच्या युद्धरोजनिश्या लागतात. पहिल्या युद्धाची मालिका डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ९५. रोजनिश्यांत शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण पलटणीचा दिवस न् दिवस असतो. म्हणून कमिशनच्या नोंदीतला बटालियनचा नंबर आणि मृत्यूची तारीख आधी टिपून ठेवा. त्यांच्याशिवाय रोजनिशीचं कुठलं पान उघडायचं तेच कळत नाही.