‘७२ ची ओरिजिनल फेंडर’ म्हणून गळ्यात मारलेली गिटार

जुनी इलेक्ट्रिक गिटार घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच पिकगार्ड, म्हणजे तारांखालची प्लास्टिकची पट्टी, उघडून बघा. तो उघडू देत नसेल तर पैसे काढू नका. माझ्या भाच्याचे एक लाख साठ हजार गेलेत, म्हणून हे लिहितोय.

माहीमला समुद्राजवळच्या एका फ्लॅटमध्ये विकणाऱ्याने ‘१९७२ ची स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीचं प्रसिद्ध मॉडेल, थोडक्यात स्ट्रॅट), सगळं ओरिजिनल’ म्हणून ती गिटार दाखवली. माझे काका जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचे, ते वारले, आता कॅनडाला जायचंय म्हणून घर रिकामं करतोय, अशी हकिगत. वरून बघाल तर सगळं ७२ चंच: मोठा हेडस्टॉक (खुंट्यांचा भाग), ट्रस रॉडचं, म्हणजे नेकमधल्या सळईचं, गोळीच्या आकाराचं टोक, तीन स्क्रूंवर बसवलेला नेक (गिटारीची मान), आवाज बदलायचा तीन पोझिशनचा स्विच. नेक बसवायच्या मागच्या प्लेटवरचा नंबरही त्याच काळातला. हाताखालचा रंग घासून लाकूड दिसत होतं. अँपवर ड्राइव्ह (आवाज फाटका करणारा इफेक्ट) आणि रिव्हर्ब (घुमारा) चढवलेले. क्लीन, म्हणजे इफेक्टशिवाय, वाजवून बघू म्हटलं, तर “तो चॅनल बिघडलाय.” पिकगार्ड उघडू म्हटलं, तर “पन्नास वर्षांत कोणी हात लावला नाही, उघडलं की किंमत पडते.” हे साफ खोटं आहे. जुन्या गिटारींचे जाणकार आतले फोटो पाहिल्याशिवाय भावच बोलत नाहीत.

चाळीस हजार यूपीआयने दिले, बाकी रोख.

घरी क्लीन वाजवली तेव्हा आवाज पातळ आणि कर्कश निघाला. स्ट्रॅटच्या नेक पिकअपचा (तारांची कंपनं पकडणाऱ्या, नेकजवळच्या चुंबकी भागाचा) घंटेसारखा गोल स्वर कुठेच नाही. व्हॉल्यूम निम्म्यावर आणला तरी फारसा फरक नाही, मग शेवटी एकदम गायब.

गोरेगावच्या एका रिपेअरवाल्या काकांनी पिकगार्डचे अकरा स्क्रू काढले आणि काही न बोलता गिटार आमच्याकडे वळवली. खाचेच्या कडेला प्लायवूडचे थर सरळ दिसत होते. खऱ्या स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये दांडेच अल्निकोचे चुंबक असतात. इथे साधे लोखंडी दांडे आणि खाली चिकटवलेली सिरॅमिकची पट्टी. पॉटवर, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागावर, ‘बी५००के’ छापलेलं. फेंडरचे त्या काळचे पॉट २५० के असतात आणि पाठीवर कोड असतो. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे आकडे वर्ष आणि आठवड्याचे. पॉट गिटारपेक्षा जुना निघाला तर चालतं, कारण कंपनी साठा करून ठेवायची. नवा निघाला तर तो नंतर बदललाय किंवा गिटारच खोटी आहे.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती गंजाची. बाहेरचे सगळे स्क्रू एकसारखे गंजवलेले, आणि आतली प्रत्येक धातूची वस्तू लखलखीत. माहीमच्या खाऱ्या हवेत पन्नास वर्षं काढलेल्या गिटारीत असं होत नाही, तिथे पिकअपचे दांडेसुद्धा तांबूस होतात.

न उघडताही एक गोष्ट तपासता येते. तीन स्क्रूंच्या प्लेटला एक भोक असतं, त्यातून ॲलन की घालून नेकचा कोन बदलता येतो. ही सोय फेंडरने १९७१ मध्ये आणली. आमच्या गिटारीत त्या भोकामागे नुसतं लाकूड होतं. नेक काढल्यावर त्याच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, तारखेचा शिक्काही नाही.

विकणाऱ्याचा फोन बंद. फ्लॅट थोड्या दिवसांसाठी भाड्याने घेतलेला निघाला. यूपीआयच्या रकमेची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली, पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली अर्ज दिलाय. रोख रकमेची पावती त्याने ‘देतो, देतो’ म्हणत दिलीच नाही, त्यामुळे ती सिद्ध करणं अवघड जातंय. पावती घ्याल तेव्हा तीवर वर्ष, नंबर आणि ‘सर्व भाग मूळचे’ हे शब्द लिहून घ्या.

परवा भाच्याला तशाच सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद) रंगाच्या गिटारीची जाहिरात दिसली. तोच सोफा, तोच पडदा, फक्त आता साल १९६९ लिहिलंय. गिटारीच्या मागच्या बाजूच्या फोटोत प्लेटला तीनच स्क्रू आहेत, आणि ६९ साली फेंडर चार लावत असे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आम्ही पोलिसांना दिलेत. याच माणसाशी कुणाचा व्यवहार झाला असेल तर तुम्हीही तक्रार नोंदवा.