डॉटनेट पब्लिश : एकाच नावाच्या दोन फायली

डिचोलीच्या एका काजू व्यापारी काकांना छोटा कन्सोल प्रोग्राम, म्हणजे काळ्या खिडकीत नुसता मजकूर दाखवणारा, लिहून दिला. वजनकाट्याची दिवसभराची फाईल वाचायची आणि कोणाकडून किती किलो बी आली, कोणाला किती पैसे द्यायचे, एवढं संध्याकाळी काढायचं. माझा फोंड्यातला लॅपटॉप उबंटूचा, म्हणजे लिनक्सचा, त्यांच्या दुकानात विंडोज. प्रोग्राम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं साधन डॉटनेट ८ दोन्हीकडे चालतं, म्हणून तेच घेतलं.

प्रोग्राम दुसऱ्याला देण्याजोगा करणारी ‘डॉटनेट पब्लिश’ कमांड नुसतीच दिली आणि आलेला फोल्डर पेनड्राइव्हवर घालून पाठवला. काकांचा फोन आला, "अरे, ह्यातलं उघडायचं कुठलं?" त्यात ईएक्सई, म्हणजे विंडोजवर डबल-क्लिकने चालणारी फाईल, नव्हतीच. प्लॅटफॉर्म सांगितला नाही तर ज्या मशीनवर आपण बसलोय तिच्यापुरतीच चालणारी फाईल बनते, आणि लिनक्सवर तिच्या नावाला ‘.ईएक्सई’सारखं शेपूट नसतं. सोबतची डीएलएल (प्रोग्रामचा खरा कोड असलेली फाईल) विंडोजवरही चालते, पण त्यासाठी तिथे रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारा डॉटनेटचा भाग, हवा. दुकानात तो कोण घालणार?

मग ६४-बिट विंडोजसाठी ‘-आर विन-एक्स६४’ जोडलं, सेल्फ-कंटेन्ड (रनटाइम सोबतच) आणि सिंगल फाईल (सगळं एकाच फायलीत) हेही सांगितलं. पूर्वी ‘-आर’ दिलं की सेल्फ-कंटेन्ड धरलं जायचं. ८ मध्ये ते वेगळं लिहावं लागतं. विन-एक्स६४ फोल्डरात ईएक्सई दिसली, तीच पाठवली. काकांच्या काळ्या खिडकीत एकच ओळ : डीएलएल सापडत नाही.

फाईलचा आकार बघितला तेव्हा उलगडा झाला. जेमतेम १५० केबी! आणखी एक पायरी आत ‘पब्लिश’ नावाचा फोल्डर होता, त्यात अगदी त्याच नावाची ईएक्सई, ६० एमबीच्या वर. बाहेरची फक्त शेजारच्या डीएलएलला हाक मारते; आतलीच्या पोटात रनटाइमसकट सगळं आहे. द्यायची ती आतली. ‘-ओ’ देऊन आपलाच फोल्डर ठरवला तर ही चूक होत नाही, मी आता तेच करतो.

पाचापैकी चार तारे. एका लॅपटॉपवरून दुसऱ्या सिस्टमची फाईल काढता येते, याचं मोल मोठं आहे. एक तारा कापला तो त्या दोन सारख्या नावांसाठी. नवख्या माणसाचा अख्खा दिवस त्यात जातो. उलट दिशेने, विंडोजवरून लिनक्ससाठी काढलीत तर तिकडे पोचल्यावर ‘सीएचमॉड +एक्स’ कमांडने फाईल चालवायची परवानगी द्या, नाहीतर परवानगी नाही म्हणून अडेल. आणि दुकानदार डबल-क्लिकच करणार, तेव्हा आकडे वाचून होण्याआधी खिडकी मिटू नये म्हणून प्रोग्रामच्या शेवटी एंटरची वाट बघणारी ओळ घाला.