अश्वगंधेची करार शेती: बी चोख, खरेदीला मात्र घासाघीस

पाचपैकी तीन स्टार. तेही बियाण्यामुळं आणि कंपनीच्या फिल्डवरच्या पोरामुळं.

जत तालुक्यात आमचं मुरमाड रान आहे. त्यातल्या एकरात कंपनीशी करार करून अश्वगंधा केली. बी, सल्ला, खरेदी सगळं त्यांचंच. नाव लिहीत नाही.

'जवाहर असगंध-२०' म्हणून दिलेलं बी ताजं होतं. ऑगस्टअखेर वाळूत मिसळून हातानं फोकून पेरलं, उगवण एकसारखी झाली. भाव चढा लावतात, पण हे बी जुनं झालं की धड उगवत नाही, म्हणून तक्रार नाही. पोरगा विरळणीला स्वतः उभा राहिला. वांग्यावरचा ठिपक्याचा भुंगेरा पानं खायला लागला तेव्हा म्हणाला, "काका, ही वांग्याच्याच कुळातली." परतीच्या पावसाआधी त्यानं चर काढायला लावले. खालच्या काळ्या रानात पाणी साचून शेजाऱ्याच्या मुळ्या कुजल्या, आमच्या वाचल्या.

पत्रकावर एकरी ६ क्विंटल छापलंय, ती थाप आहे. वाळलेली मुळी साधारण हेक्टरी ३ ते ५ क्विंटल धरतात. मला एकरात पावणेदोन निघाली, त्यात मी खूश आहे. पाल्याचेही पैसे देऊ म्हणाले होते. आयुष मंत्रालयानं २०२१ मध्येच औषध कंपन्यांना पानं वापरू नका असं कळवलंय, मग पाला घेणार कोण? बांधावर वाळतोय.

आता खरेदी. त्यांचा माणूस मुळीचा तुकडा मोडतो. टक्कन मोडला, आत पांढरा, भुरभुरीत, तर वरची प्रत. पिवळट, पोकळ निघाला की शेवटचा ढीग. इथवर रास्त. बाजारात पहिली प्रत म्हणजे साधारण ७ सेंटिमीटर लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, भरीव. पण मोजायला त्याच्याकडं काहीच नाही, सगळं नजरेवर. "मालक, बारीक हाय ही." खिशातली फूटपट्टी लावून दाखवली तेव्हा अर्धा ढीग परत वर गेला. मग मूठभर मुळ्या दाबून म्हणाला, "वल हाय अजून," आणि कडता धरला, म्हणजे वजनातून काही किलो कापले. ओलावा मोजायचं यंत्र नाही, करारात कडत्याचा शब्द नाही. हिशोबाच्या पट्टीवर मात्र बरोबर वजा.

सांगलीला हळदीचा सौदा चार व्यापाऱ्यांपुढं होतो, भाव पटला नाही तर पोती ठेवता येतात. अश्वगंधेचा बाजार नीमच-मंदसौरला. दोन पोती घेऊन मध्य प्रदेशात कोण जातंय? हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे.

पैसे मात्र ठरल्या तारखेला खात्यावर आले.

पुन्हा सही करीन, पण प्रतीची मापं, ओलाव्याची टक्केवारी आणि कडता कागदावर आला तरच. नाहीतर लाल झालेल्या फळांचं बी धरलेलं आहेच, आणि गावातले चार-पाच जण मिळून नीमचला टेम्पो धाडायचं बोलणं चालू आहे.